आधी ठिपके, मग रेघ

इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत आनंदरावांना आनंदराव म्हणून कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना नाववाले म्हणत. एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर, कोपऱ्यात, त्यांचं पोतं अंथरलेलं असे. पोत्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्याशेजारी एक हातोडी आणि तीन छन्न्या. गिऱ्हाइकानं भांडं घेतलं की शेठ नुसतं बोट दाखवी. आनंदराव भांडं मांडीत घेत, बोटांनी चारी बाजूंनी चाचपत आणि विचारत, नाव कोणाचं आणि कशानिमित्त? लग्न, बारसं, की गेलेल्या माणसाची आठवण. अक्षर तेच असलं तरी तिन्हींना हात वेगळा पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ओळीतल्या कोणाच्याच ते डोक्यात शिरत नसे, आणि शेठला तर ऐकून घ्यायलाही सवड नसे.

काम करायची त्यांची एक रीत होती. छन्नीच्या टोकानं आधी नावभर बारीक ठिपके मारायचे, मग ते जोडत रेघ ओढायची. घाईतली माणसं कुरकुरत, ठिपके कशाला, सरळ मारा ना. आनंदराव मान वर न करता सांगत की पितळेवर खोडरबर चालत नाही. दुसरा एक नेमही त्यांनी पाळला होता. लग्नाचं भांडं असेल तर नाव आज टाकून देत, तारीख मात्र लग्न आठ दिवसांवर आल्याशिवाय टाकत नसत. फार वर्षांपूर्वी एक बाई पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन परत आली होती. पोरीचं लग्न मोडलं होतं आणि नाव काढून द्या म्हणत होती. नाव निघत नाही. ठोकून चपटं करता येतं, पण पत्र्यावर वण राहतोच. त्या बाईचा चेहरा त्यांच्या मनातून गेला नाही. तेव्हापासून तारखेची जागा कोरी ठेवत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, जवळ आलं की या, चहा पाजा, टाकून देतो. लोक हसत. हसू देत.

घर पाचपावलीत. मुलगी प्रेमिला दोन वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली, आणि आनंदरावांची थोरली विधवा बहीण यमुताई घर सांभाळायला आली ती तिथलीच झाली. पोरगी हसरी. हसरी म्हणजे किती, तर घरात हसली की गल्लीच्या तोंडाशी ऐकू जाई, आणि यमुताई म्हणे, पोरीच्या जातीनं इतकं फिदीफिदी करू नये. दुपारी बाबांचा डबा घेऊन ती ओट्यावर यायची तेव्हा तर शेठसुद्धा हिशेबाची वही खाली ठेवून तिचं काहीतरी ऐकून घ्यायचा.

चौदाव्या वर्षी ती नळावर पाणी भरता भरता कोसळली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. बायांनी नाकाला जोडा लावला, कोणी कांदा फोडला. यमुताईला तिला भगताकडे न्यायचं होतं. आनंदराव तयार झाले नाहीत. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी घरातले गंडे, ताईत, अंगारे त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढले होते, ते आता परत आणायचे नव्हते. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी, एकही चुकवायची नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले, ते थांबलेच. गल्लीनं ती गोष्ट विसरून जावी म्हणून बहीणभाऊ दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. लग्नाची पोर होती.

दोन वर्षांनी समोरच्या दोन दातांमधून हिरडीची एक गाठ खाली उतरली, डाळीच्या दाण्याएवढी. मग तिच्या शेजारी दुसरी. प्रेमिला वीस वर्षांची होईपर्यंत हिरड्या अशा सुजून उतरल्या की पुढचे दात निम्म्याहून जास्त झाकून गेले. दात घासले की रक्त येई. शेजारणी म्हणत, पोरगी चोरून दातांना तंबाखूची गुडाखू लावते. ती आधी पदर तोंडाशी धरून हसू लागली, मग तोंड मिटून हसू लागली, आणि मग घरात तिचं हसणं ऐकू येईनासं झालं. कशामुळे होतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. बघायला आलेल्या दोन ठिकाणांपैकी एकीकडची आत्या दारातून बाहेर पडता पडता म्हणाली, तोंड उघडलं की मसुडेच मसुडे. प्रेमिला आत कपबश्या धूत होती. तिनं ते ऐकलं हे आनंदरावांना कपबश्यांच्या आवाजावरून कळलं, कारण तो आवाज एकदम थांबला.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात मोठ्या सरकारी दवाखान्यातली सुमतीबाई नावाची नर्स आपल्या आईच्या आठवणीचा गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन ओट्यावर आली. तेवढ्यात प्रेमिला डबा घेऊन पोचली. नर्सनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, फिटच्या गोळ्या घेते का तू? आनंदरावांनी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग हळूच मान हलवली. सुमतीबाईनं सांगितलं की त्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या अशा वाढतात, आणि दातांच्या विभागात त्या कापून पुन्हा नीट आकारात आणून देतात. आनंदरावांनी त्या दिवशी गडव्याचे पैसे घेतले नाहीत.

चार खेपा जावं लागलं. दर वेळी तोंडाचा एकेक भाग. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ, आणि बाप फारच घाबरलेला दिसला म्हणून त्यानं त्यांना दाराशी उभं राहू दिलं. सुई टोचून हिरडी बधिर केली. मग डॉक्टरनं एका चिमट्यानं हिरडीवर ओळीनं बारीक खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर रक्ताचा एक थेंब उभा राहिला, दाताच्या वळणावळणानं, एकाशेजारी एक. आणि मग वाकड्या पात्याची सुरी त्या थेंबांवरून फिरली. आनंदराव पाहतच राहिले. आधी ठिपके, मग रेघ. या माणसाला आपलं काम येतं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांची भीती तिथल्या तिथे गेली. घरी येऊन त्यांनी यमुताईला ते दोनदा सांगितलं. तिला काडीचं कळलं नाही, पण भावाचा चेहरा पाहून तिला बरं वाटलं.

जखमेवर लवंगेच्या वासाचा लेप थापलेला असे. त्या महिन्यात सगळ्या घराला लवंगेचा वास होता. शेवटचा लेप निघाला त्या दिवशी सुमतीबाईनं आपल्या पर्समधला लहानसा आरसा प्रेमिलाच्या हातात दिला. तिनं आरसा तोंडाजवळ धरला. ओठ वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"बाबा, एवढाले दात होते माहे?"

आणि हसली. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात, रांगेत बसलेल्या लोकांनी माना वळवून पाहावं अशी. आनंदरावांना रडू आवरलं नाही. आपलं हरवलेलं माणूस परत मिळावं तसं त्यांना झालं होतं.

निघताना डॉक्टरनं त्यांना खुर्चीवर बसवून नीट समजावलं. गोळ्या चालू आहेत तोवर हिरड्या पुन्हा वाढू शकतात. दात रोज हळूहळू, नीट घासायचे. वाढल्याच तर पुन्हा कापू, त्यात काही मोठं नाही. पण गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही की बंद करायची नाही. झटके पूर्वीपेक्षा वाईट येतील, जीवावर बेतेल. बदलायचीच असेल तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला विचारा, दुसरं औषध असतं, ते हळूहळू बदलतात. आनंदरावांनी सगळं ऐकलं आणि दोनदा हो म्हटलं. दुसऱ्या औषधाचं लग्न झाल्यावर पाहू, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. घरी पोचेपर्यंत त्यांच्या मनात ठसठशीत राहिलं ते एकच, की गोळीनं हिरडी वाढते.

जानेवारीत रामटेकजवळच्या एका गावातून रुपराव सोमकुवर बघायला आला. प्राथमिक शाळेत मास्तर, घरची थोडी धानाची शेती, घरी आई आणि एक धाकटा भाऊ, जो फारसा कुठे जात नाही, एवढं त्यानं स्वतःच सांगितलं. प्रेमिलाशी तो दोन शब्द बोलला, ती हसून उत्तर देत राहिली, आणि तो तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. आनंदरावांनी हेही ठिकाण गेलं असं धरलं. पण आठ दिवसांनी होकाराचं पत्र आलं.

झटक्यांचं सांगायचं होतं. आनंदरावांना ते लपवणं पटत नव्हतं. बघायच्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं तर यमुताईनं पायानं पाय दाबला. साखरपुड्याला सांगू म्हणाले. साखरपुड्याला रुपराव त्यांच्याशेजारी येऊन बसला, दोघंच होते, आणि आनंदराव पावसापाण्याचं बोलत राहिले. रुपरावही पावसापाण्याचंच बोलला. घरी आल्यावर आपण सांगितलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं, आणि सांगावं लागलं नाही याचं बरंही वाटलं. माणूस असाच असतो, काय करता.

एप्रिलात त्यांनी भांडी आणली. गुंड, परात, भाजी शिजवायचा गंज आणि दोन गडवे, सगळं पितळ. तेव्हा स्टील येऊ लागलं होतं, पण स्टीलवर छन्नी घसरते आणि नाव उथळ उमटतं, म्हणून पोरीला पितळच द्यायचं. गुंडाला त्यांनी दोन दिवस घेतले. ‘आयु. प्रेमिला रुपराव सोमकुवर.’ आपल्यात आता असंच लिहितात, आयुष्मती, असं ते शेठला कौतुकानं सांगत होते. नाव पुरं झालं तरी छन्नी हातातच राहिली. जागा कोरी सोडवेना. लग्न महिन्यावर होतं, आठ दिवसांवर नव्हतं, आणि तरीही त्यांनी खाली तारीख टाकली, १८-५-७५. ओळीतले लोक जमले आणि म्हणाले, नाववाले, तुमचा नेम कुठे गेला? ते लाजून हसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची नावं टाकली, आज स्वतःच्या पोरीचं टाकताना त्यांना थांबायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी प्रेमिला आरसा घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. समोरच्या दोन दातांमध्ये हिरडीचं एक बारीक फुगीर टोक दिसत होतं. तांदळाएवढं असेल.

"बाबा, पुन्हा येऊन राहिलं."

आनंदरावांनी आरसा तिच्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला. डॉक्टरचं बोलणं त्यांना आठवलं, सगळं आठवलं. त्याच्या मागोमाग कपबश्यांचा थांबलेला आवाजही आठवला. पोरीचा हात आपसूक तोंडावर गेला होता.

"लगन होईपावतर अर्धी घे," ते म्हणाले. "मंग पाहू."

बोलून झाल्यावर ते डबा न घेताच कामाला निघून गेले.

सात मेच्या सकाळी प्रेमिला अंगणात नवी भांडी चिंच लावून घासत होती. यमुताईला परात आपटल्याचा आवाज आला. पहिला झटका थांबला तसा दुसरा आला, शुद्ध आलीच नाही, आणि तिसरा सुरू झाला. आनंदरावांना ओट्यावर निरोप गेला. रिक्षात तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी धावपळ केली, सुया दिल्या, आणि विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? दुपारी दोनला ती गेली.

चौथ्या दिवशी यमुताईला तिच्या पावडरच्या डब्यात गोळ्या सापडल्या. अर्ध्या नव्हत्या, अख्ख्या होत्या, तीन आठवड्यांच्या. बाबांनी अर्धी सांगितली होती, पोरीनं पूर्णच सोडली होती. यमुताई म्हणाली, तुयी चूक नाही रे, तिनं आपल्या मनानं केलं. आनंदरावांनी मान हलवली नाही. अर्धीची वाट आपण दाखवली, पुढे ती चालत गेली, हे त्यांना कळत होतं, आणि त्यात कोणी काही कमी करू शकत नव्हतं.

रुपराव त्याच दिवशी आला. पांढरे कपडे, हातात काही नाही. बराच वेळ भिंतीला टेकून बसला. आनंदरावांना वाटलं, आता तरी खरं बोलावं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की पोरीला मिरगी होती, आम्ही लपवलं, तुमचा अपराध केला. रुपरावानं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"मले माहीत होतं, मामाजी. पाहाले आलो त्याच दिवशी समजलं. माह्या भावाले, लहानूले, त्याच गोळ्या आहेत. त्याचेही मसुडे तसेच आहेत. हिचे कापलेले आहेत, हे मले दिसून राहिलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

रुपरावानं खाली पाहिलं. "तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राहिलो. आपुनच विचारलं तर तुमाले खाली पाहावं लागलं असतं."

दोन शहाण्या माणसांनी एकमेकांची अब्रू सांभाळली, आणि त्या सांभाळण्यात एक पोर गेली. आनंदरावांना त्या क्षणी त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग राग धरायलाही अंगात जोर उरला नाही.

निघताना रुपराव अंगणात थांबला. भांडी तशीच पडली होती, अर्धी घासलेली. तो गुंडाजवळ उकिडवा बसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला की हा मला द्या, यावर माझंही नाव आहे. आनंदरावांनी गुंड स्वतः धुतला, पुसला आणि त्याच्या हातात दिला. "न्या, जवाईबापू," एवढंच ते म्हणाले. बाकीची भांडी यमुताईनं माळ्यावर टाकली.

त्यानंतरही नाववाले ओट्यावर बसत राहिले. पोटासाठी त्यांना दुसरं काय येत होतं? बारशाची आणि आठवणीची भांडी ते घेत. लग्नाचं भांडं आलं की शेजारच्या दुकानातल्या माणसाकडे बोट दाखवत. ऐंशीच्या सुमारास विजेवर चालणारं नाव टाकायचं यंत्र आलं, कुर्रकुर्र करत मिनिटात स्टीलवर नाव उमटवणारं, तेव्हा तसंही त्यांच्याकडे येणारं काम कमी झालं. यमुताई एक्याऐंशीत वारली. तिच्या आठवणीच्या गडव्यावर नाव त्यांनीच टाकलं, आणि ठिपके एका ओळीत पडले.

रुपरावाचं पत्र दर दिवाळीला येई. त्यानं लग्न केलं, ते कळवलं. बायकोचं नाव जयवंता. पत्राच्या शेवटी दर वेळी असे, एकदा येऊन जा. आनंदराव कधी गेले नाहीत. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात, धान कापणीला आलं होतं तेव्हा, काय मनात आलं कोण जाणे, ते एस.टी.त बसले आणि संध्याकाळच्या आत गावात पोचले.

जयवंता त्यांच्या पाया पडली. बसायला सतरंजी टाकली. पाणी आणायला आत गेली तेव्हा उघड्या दारातून त्यांना गुंड दिसला. लख्ख होता. चुलीशेजारी, पिण्याच्या पाण्याचा. त्यांची नजर तिकडे लागलेली पाहून ती म्हणाली की मी रोज घासते, पण नावावर चिंच लावत नाही, अक्षरं झिजतील म्हणून. अगदी साध्या आवाजात म्हणाली. आनंदरावांनी तिच्या हातातला पेला घेतला. त्यांनी पाणी पिऊन टाकलं.

अंगणात एक तिशीचा माणूस बैल बांधत होता. रुपरावानं हाक मारली तसा तो हात पुसत आला. हा लहानू. पाहुणे कोण हे कळल्यावर तो हसला. मोठा हसला, तोंड भरून. त्याच्या हिरड्या दातांवर पार उतरल्या होत्या, दात जवळजवळ दिसतच नव्हते, आणि त्यानं तोंडावर हात नेला नाही. हसता हसता बैलानं आज कशी फजिती केली ते तो सांगू लागला. आनंदराव त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. प्रेमिलाला जाऊन साडेआठ वर्षं झाली होती. त्यांना एवढंच दिसत होतं की हा आहे, बैल बांधतो, हसतो.

दिवस मावळायला आला. जयवंतानं गुंडातून गडवाभर पाणी काढलं आणि कोनाड्यातली पुडी उघडून एक गोळी लहानूच्या तळहातावर ठेवली. आनंदराव सतरंजीवरून उठले. गुडघे दुखत होते, तरी ते चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या तळहाताकडे वाकून पाहिलं.

"पुरी आहे न गा?" त्यांनी विचारलं.

लहानूनं बुचकळ्यात पडून भावाकडे पाहिलं. रुपरावानं मान खाली घातली.

"पुरी घे, बाबू," आनंदराव म्हणाले, आणि त्यानं ती गिळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.